सैपाकघरातला होकार

ताई, तुम्ही गेल्याले आज सतरा दिवस झाले, आणि पहिलं हेच सांगतो की मी तुमच्यावर रागावलो आहे. कोणी जाते का असं ऐन एप्रिलच्या शेवटी? जायचंच होतं तर जुलैत जायचं होतं, पोट्टे आपापल्या गावी परतल्यावर. नऊ पोरंपोरी सहा आठवड्यांसाठी येणार, त्याइचे अर्ज माझ्या टेबलावर, यादी अर्धी माझ्या वहीत अन् अर्धी तुमच्या डोक्यात, आणि तुम्ही निघून गेल्या. शोकसभेत लोकं तुमच्याबद्दल लय चांगलं बोलले. रेल्वेतली नोकरी, शिस्त, साधेपणा, सारं झालं. ऐकून तुम्ही तोंडाले पदर लावून हसल्या असत्या. मले त्यातलं काही बोलायचं नाही. मले त्या नवव्या पोट्टीचं सांगायचं आहे. आठ जणांची घरं ठरली होती. नवव्या नावासमोरची जागा ऐन वेळी कोरी झाली होती, अन् चार दिवसांनी ती स्टेशनावर उतरणार होती.

पण थोडं मागून सुरू करतो. तुम्हाले माहीत आहे, मले सरळ सांगताच येत नाही.

राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं, अन् ज्याच्याजवळ एक खोली रिकामी होती तो स्वतःले बंगलेवाला समजू लागला. भोपाळहून साहेब लोकं येऊन राहिले, खोल्या मिळेनात, आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात तुम्ही घरोघरी फुकट जागा मागाले निघाल्या. विदर्भातल्या कॉलेजांतले पोट्टे इथल्या लहान लहान संस्थांमध्ये काम शिकाले येणार होते. कोणी बहिऱ्या मुलांच्या वर्गात, कोणी बीरगांवात कामगारांच्या मुलांच्या अभ्यासिकेत. संस्थांकडे काम भरपूर, पण पोट्ट्यांले टेकाले जागा नाही. मी वीज खात्यातला बाबू. माझी पात्रता एवढीच की माझ्याजवळ स्कूटर होती. "दिलीप, तुझी स्कूटर संध्याकाळी नुसती उभीच राहते, घेऊन ये," असं म्हणून तुम्ही जे मागं बसल्या ते अकरा उन्हाळे उतरल्याच नाहीत.

नियम तुमचा एकच. पोट्ट्याले पाहुणा म्हणून ठेवायचं नाही. आल्या दिवशीच घरातलं एक काम त्याच्या गळ्यात घालायचं, अन् ते काम ठरलेलं: कूलरमध्ये पाणी भरणे. मेमधल्या रायपुरात कूलर दिवसातून तीनदा पाणी पिते, हे त्या बिचाऱ्यांले कुठून माहीत! एका पोट्ट्यानं घरी तक्रार केली, तर पुण्यात नोकरीले असलेल्या त्याच्या बापाचा फोन. "आमचा मुलगा समाजकार्य शिकायला आलाय, पाणी भरायला नाही." तुम्ही शांतपणे म्हटलं, "साहेब, आमच्या समाजाले उन्हाळ्यात पाणीच लागते." बापानं फोन ठेवून देल्ला. पोट्टा मात्र जाताना त्या घरच्या आजीच्या गळ्यात पडून रडला, अन् आजी म्हणे, आता माझ्या कूलरचं कसं होईन.

चुकाही केल्या तुम्ही, ते काही मी विसरलो नाही. कुत्र्याले घाबरणाऱ्या पोट्ट्याले दोन कुत्र्यांच्या घरात तुम्हीच टाकलं होतं. तो तीन दिवस पलंगावरून खाली उतरला नाही. मी म्हटलं, ताई, अर्जात लिहिलं होतं. तर म्हणे, "अर्ज कोण वाचते?" खरंच, तुम्ही अर्ज वाचतच नव्हत्या. मी रकाने आखून आणायचो, शाकाहारी-मांसाहारी, बस किती दूर, खोली किती मोठी. तुम्ही त्या कागदावर शेंगदाण्याचे टरफलं ठेवायच्या.

तुमचं वाचन सैपाकघरात चाले. आपण कोणाच्याही घरी गेलो की बैठकीत घरचा माणूस छाती पुढं काढून म्हणे, "अरे ताई, विचारायचं काय त्यात? आपलंच घर आहे, दोन ठेवा!" तुम्ही मान हलवायच्या, लय बरं वाटलं म्हणायच्या, अन् उठायच्या. "जरा पाणी पिऊन येतो." बैठकीत पाण्याचा ग्लास समोर ठेवला असला तरी. तुम्ही आत जायच्या, मी बाहेर त्या माणसासोबत पावसापाण्याच्या गप्पा मारत बसायचो. आत घरची बाई पोळ्या लाटत असे. तुम्ही तिले काय विचारायच्या ते मले कधीच ऐकू आलं नाही. पण बाहेर येताना तुमच्या चेहऱ्यावरून मले कळून जायचं. बैठकीतला होकार तुमच्या हिशेबी होकारच नव्हता. सैपाकघरातला होकार तोच खरा.

अन् आतून नाही आलं तर? तर तुम्ही ते नाही स्वतःच्या अंगावर घ्यायच्या. सदर बाजारातले नानाजी आठवतात, कापडवाले? त्याइनं तर शेजाऱ्यांले पण सांगून ठेवलं होतं की आपल्याकडे कॉलेजची पोट्टी येऊन राहिली. तुम्ही पाणी पिऊन आल्या अन् म्हटलं, "नानाजी, घर लय छान आहे, पण जिना उभा आहे. मले काही जमत नाही." नानाजी म्हणे, पोट्टी वीस वर्षांची आहे, तिले जिन्याचं काय! "तिले नाही, मले. तिले भेटाले मले यावं लागन ना." नानाजींचं तोंड असं झालं की बस. साऱ्या सदर बाजारात तुमचं नाव झालं, कुमुदताई लय नखरे करते. स्कूटरवर मागून तुम्ही मले म्हटलं, "अरे, त्या घरच्या सुनेले आठवा महिना लागला आहे अन् तिची सासू अंथरुणाले खिळली आहे. त्या नानाले काही दिसते का?" मी एवढा हसलो की चौकात गाडी बंद पडली. काय माणसं असतात ताई, मी म्हटलं, घरात काय चालून राहिलं याचा पत्ता नाही!

हे मी म्हटलं होतं. मीच. ध्यानात ठेवा.

आता माझ्या घराचं. दर वर्षी यादी झाली की मी विचारायचो, "ताई, यंदा एक पोट्टं माझ्याकडे?" दर वर्षी तुमच्याजवळ नवीन कारण. पहिल्या वर्षी, तुझी गच्ची तापते. मी गच्चीले चुना मारून घेतला. मग म्हणे, तुझ्या घरून बस दूर आहे. मी म्हटलं, स्कूटरवर सोडत जाईन. मग म्हणे, संयोजकाच्या घरी पोरगं ठेवलं तर त्यानं तक्रार कोणाजवळ करायची? हे जरा पटलं, पण दोन वर्षंच पटलं. एकदा म्हणे, तुझ्याकडे टीव्ही लय मोठ्यानं चालते. ताई, मी वर्षभर बातम्या कानाले हात लावून ऐकल्या! तरी नाहीच. मले लागायचं ते. सारं शहर पालथं घालून मी घरं जमवायचो, दुसऱ्यांच्या घरी पोट्टे रुजलेले पाहायचो, अन् माझं घर तेवढं तुम्हाले चालत नव्हतं. माझ्यात काही खोट आहे, असंच मले वाटत गेलं.

यंदा मार्चमध्ये मी तोंड उघडलंच. तुम्ही तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, सरळ सांगा ताई, माझ्या घरात कमी काय आहे? "काही कमी नाही रे." मग काहून नाही देत? "मग काही नाही. चहा घे." मी चहा तसाच ठेवला अन् उठलो. उंबऱ्यावरून बोललो पण, की अकरा वर्षं तुम्ही माझी स्कूटर वापरली, मले नाही. तुम्ही खाली मान घालून तांदळातले खडेच काढत राहिल्या. त्यानंतर महिनाभर मी फक्त कामापुरतं बोललो. शेवटचा फोन तुमचाच होता. "दिलीप, राग गेला का?" मी म्हटलं, कामात आहे ताई, मग करतो. मग केला नाही. मंगळवारी तुमच्या पुतण्याचा फोन आला.

पुढचं सांगतो.

तेरवीच्या दिवशी संध्याकाळी निरोप आला, की तेलीबांध्याचं जे घर नवव्या पोट्टीसाठी ठरलं होतं तिथल्या वहिनीची आई पडली, ते सारे चंद्रपूरले निघाले. मी घरी आलो, चपला काढल्या अन् बैठकीतूनच बायकोले आवाज देल्ला, "संध्या! ती नववी पोट्टी आपल्याकडे ठेवू. आता अडवाले ताई पण नाहीत." बोललो अन् माझंच मले कसंतरी झालं. संध्या आतून बाहेर आली. तेरवीचं जेवण वाढून वाढून ती थकली होती. पदराले हात पुसत म्हणे, "ताईनं नाही अडवलं."

"म्हणजे?"

"मी नाही म्हटलं होतं. दर वर्षी."

मले वाटलं ही गंमत करून राहिली. ती माझ्यासमोर खुर्चीवर बसली. इतक्या वर्षांत संध्या माझ्याशी बोलाले अशी समोर बसली असं मले आठवत नाही. "दर एप्रिलमध्ये ताई येत आपल्याकडे. तुम्ही बैठकीतून ओरडत, ताईले फ्रिजमधलं पाणी दे. त्या आत येऊन मले विचारत. पहिल्या वर्षी मी म्हटलं, ताई, ह्यांच्या आईंचं सारं मलेच करावं लागते, माझ्या शाळेले सुट्ट्या आहेत तेवढ्याच काय त्या माझ्या. पोट्टं आलं तर हे तोंडानं या-बसा म्हणतीन, हात माझेच लागतीन. ताई म्हणे, बरोबर आहे, दिलीपले नको सांगू, मी पाहतो."

"अन् मग गच्ची तापते?"

"हव. गच्ची तापते."

"बस दूर आहे?"

"ते मी सुचवलं होतं," संध्या म्हणे, अन् तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं, ते तिनं दाबलं.

ताई, मी उभाच्या उभा गार झालो. दोन बाया, माझ्याच घरात, माझ्याच माठाजवळ उभं राहून अकरा वर्षं! आतल्या खोलीतून आमची ऋचा म्हणाली, "पापा, ये तो सबको मालूम था." सबको! पोरीले मराठी सारं समजते पण उत्तर द्यायचं असलं की हिंदीतच देते, अन् नेमकं घाव बसन असं देते. सदर बाजारच्या नानाजीले हसलो होतो मी, अन् नानाजीचं काय, त्याले एकदाच जिन्याची थाप मारली होती तुम्ही, मले अकरा वर्षं.

आधी मले राग आला. मग त्या टीव्हीचं आठवलं अन् हसू आलं, असं आलं की ठसका लागला, संध्यानं पाठीवर थापटलं. अन् मग ती जे बोलली त्यानं माझं हसू तिथंच थांबलं. "एका वर्षी मी हो म्हटलं होतं. तुम्ही लय तोंड पाडून बसले होते, मले वाईट वाटलं. ताईले म्हटलं, द्या यंदा. ताई माझ्याकडे पाहतच राहिल्या. म्हणे, हे तुझं हो नाही, त्याच्या तोंडाकडे पाहून म्हणून राहिली तू. राहू दे. तो माझ्यावर रुसन, रुसू दे. मले काय, माझ्या घरी थोडीच राहते तो."

किती सहज घेतलं हो तुम्ही ते अंगावर. मी टोमणे मारले, यादीच्या दिवशी मुद्दाम उशिरा आलो, लोकांजवळ तुमच्या कुरबुरी केल्या. तुम्ही एकदा, फक्त एकदा म्हटलं असतं, की बाबा रे, तुझ्या बायकोले विचार, तर माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. त्या मार्चच्या दिवशी पण तुम्ही तांदळाकडेच पाहत राहिल्या. तिनं विश्वासानं सांगतलेलं होतं, म्हणून तुम्ही माझा राग घेऊन गेल्या. मले माफी मागायची आहे ताई. अन् मागू कोणाजवळ?

पण पोट्टी तर येणारच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः आत गेलो. लग्नाले अठ्ठावीस वर्षं झाली, पण विचाराले म्हणून मी त्या सैपाकघरात पहिल्यांदा उभा होतो. सुरुवात कशी करावी ते कळेना, म्हणून म्हटलं, जरा पाणी दे. संध्या म्हणे, "माठ तुमच्या मागंच आहे." मी माझ्या हातानं घेतलं, प्यालो, अन् म्हटलं, "संध्या, आई तर हिवाळ्यात गेल्या. आता तुले यंदा... म्हणजे तुझी मर्जी असली तर... सहा आठवडे?"

तिनं गॅस बारीक केला. लय वेळ विचार केला तिनं, खरं सांगतो. मग म्हणाली, "नाही. यंदा मले दुपारी झोपायचं आहे. लग्न झाल्यापासून एक उन्हाळा मी दुपारची झोपली नाही."

मनातून मले हो पाहिजे होतं. अकरा वर्षांपासून पाहिजे होतं. पण मी म्हटलं, "हव."

आता पंचाईत ही, की दुसरं घर शोधायचं तर विचारायचं कोणी? मी एकटा कोणाच्या सैपाकघरात घुसलो असतो तर लोकांनी मले लाटण्यानं हाणलं असतं. कुंपणाशी स्कूटर काढून मी डोकं खाजवत उभा होतो, तर संध्या साडी बदलून बाहेर आली. "चला. मी येतो पाणी प्याले." अन् मागं बसली.

पहिल्या घरी बैठकीत एकदम दणदणीत हो. संध्या आतून आली अन् म्हणे, भाऊजी, घर चांगलं आहे, पण पोट्टीले जायचं बीरगांवच्या अभ्यासिकेत, रोज दोन बसा बदलून मरन ती. मी मुकाट्यानं उठलो. दुसऱ्या घरी पण तसंच झालं. मग आम्ही बीरगांवातच गेलो, वानखेड्यांकडे. ते जवळच्या उरला भागातल्या कारखान्यात सुपरवायझर आहेत, दोन खोल्यांचं घर. संध्या आत गेली अन् बाहेर येईचना. वानखेडे भला माणूस, पण तोंडाचा रोखठोक. म्हणे, "दिलीपभाऊ, राग मानू नका, पण तुमचं एवढं मोठं घर आहे, चार खोल्या आहेत. आम्हा दोन खोलीवाल्यांच्या दारात येऊन राहिले. तुमच्याकडेच काहून नाही ठेवत?"

तेवढ्यात संध्या अन् वानखेडेवहिनी दारात आल्या. संध्यानं ऐकलं होतं. तिचा चेहरा उतरला. आता हा माणूस काय बोलते, असं. खरं कारण जिभेवर होतं ताई, अन् ते बोललो असतो तर वानखेड्यांनी माझीच बाजू घेतली असती.

मी म्हटलं, "माझ्यामुळं. घरातल्यांची काही ना नाही. मलेच परकं माणूस घरात खपत नाही. माझा स्वभाव खराब आहे."

वानखेडे म्हणे, "अन् दुनियेच्या घरी पोट्टे वाटत फिरता तुम्ही?"

"हव," मी म्हटलं. "आता काय करता."

वानखेडेवहिनी हसाले लागल्या. म्हणे, पोट्टी आमच्याकडे राहीन, माझ्या लेकीचं गणित पक्कं करून देईन तर. आतलं ठरलेलंच होतं. परत येताना उरल्याच्या रेल्वे फाटकाशी गाडी थांबली. संध्या मागून म्हणे, "एवढं स्वतःचं नाव खराब करायची काही गरज नव्हती." मी म्हटलं, होती. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. स्कूटरवर ती नेहमी मागच्या दांड्यालेच धरते.

आज सकाळी पोट्टी उतरली. चष्मेवाली आहे, लहानखुरी, दोन पिशव्या पुस्तकांच्याच. वानखेड्यांकडे सोडून आलो. बाकीचे आठही आपापल्या घरी लागले. अन् बातमी माझ्या आधी आमच्या पाऱ्यात, साऱ्या मोहल्ल्यात पोचली होती. दूधवाला म्हणे, भैया, सुना है आप घर में किसी को रखते नहीं. कोपऱ्यावरच्या काकूंनी नुसतं पाहून नाक मुरडलं. नानाजींचा तर खास फोन आला, "काहून रे दिलीप, दुसऱ्याले जिना दाखवता अन् स्वतः दार लावून बसता?" मी म्हटलं, नानाजी, खरं आहे, माझा स्वभावच तसा. ऋचा समोर बसून पोट धरून हसत होती. अन् मी नाही सांगतलं ताई. कोणालेच नाही सांगतलं.

दुपारचे अडीच वाजले. मी फोनचा रिसीव्हर काढून ठेवला आहे, दारावरच्या बेलवर रुमाल गुंडाळला आहे. संध्या झोपली आहे.